बोर्झला सांगायचं कुणी

बोर्झ मेला होता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आमच्या चित्रकथेच्या मागच्याच अंकात, सोळाव्या पानावर, तो सूर्यात उडी मारून मेला होता आणि त्याचे शेवटचे शब्द मीच माझ्या हाताने संवादाच्या फुग्यात लिहिले होते. त्यामुळे गुरुवारी सकाळी अकरा वाजता चित्रकार व्हिटो कारबोनने क्वीन्सहून आणलेली वीस पानं मी टेबलावर मांडली आणि पहिल्याच पानावर बोर्झ चारी हातांनी अंतराळयानं भिरकावताना दिसला, तेव्हा मला वाटलं, उकाड्याने माझं डोकं फिरलं.

"मिल्ट, जरा इकडे ये," मी आमच्या संपादकाला हाक मारली. "हातातलं सँडविच आधी खाली ठेव."

मिल्टने पानं पाहिली. मग खुर्ची पाहिली आणि बसला. "व्हिटो, हा कोण आहे?"

"बोर्झ," व्हिटो कौतुकाने म्हणाला. "चार हात. काय मजा आली काढायला."

"तो मेलाय."

"कधी?"

चूक तशी कुणाचीच नव्हती. आमच्याकडे 'काल्झारचे योद्धे' असंच तयार होई. लेखक एका कागदावर गोष्ट खरडून देई, चित्रकार त्यावरून अख्खा अंक काढी आणि चित्रं आल्यावर लेखक पात्रांच्या तोंडी शब्द घाली. लेखक डेलने कागदावर 'योद्धे किल्ल्यात घुसतात' एवढंच लिहिलं होतं. नेहमीच्या चित्रकाराला कांजिण्या झाल्या म्हणून काम व्हिटोकडे गेलं, आणि व्हिटोच्या भिंतीवर पहिल्या अंकाच्या वेळचा पात्रांचा तक्ता होता. त्यात योद्धे सहा. त्याने इमानेइतबारे सहा काढले.

दोन हातांचा असता तर पांढरा रंग फासून उडवला असता. पण बोर्झ म्हणजे अर्धं पान. शिवाय पाच वाजता छापखान्याचा माणूस येणार, आणि डेल दूर मेन राज्यात कुठल्याशा तळ्यावर मासे मारायला गेलेला, जिथे फोनसुद्धा नाही.

"जिवंत झाला म्हणू," व्हिटो म्हणाला. "सगळेच होतात."

"म्हणूनच नाही म्हणता येत," मिल्ट कपाळ चोळत म्हणाला. "आमचे मेलेले कायम परत येतात म्हणून पोरं पत्रांतून शिव्या घालतात. या वेळी मी पत्रांच्या पानावर आईची शपथ घेतलीय. बोर्झ मेला तो मेला. आई अजून ब्राँक्समध्ये आहे, आणि ती अंक वाचते."

आता माझ्याबद्दल. नऊ वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द फुग्यांत काढत होते. त्यातले निम्मे मला स्वतःला बरे सुचले असते, आणि हे मी मिल्टला चार वेळा सांगून पाहिलं होतं. चारही वेळा तो म्हणाला होता, "लोर्ना, तुझं अक्षर इतकं सुंदर आहे, लिहिण्यात कशाला वाया घालवतेस?" मला लेखक व्हायचं होतं. इतकं, की कधी कधी बसमध्ये रडू यायचं.

"तो मेलेलाच आहे," मी म्हणाले. "फक्त त्याला ते माहीत नाही."

व्हिटोने खुर्ची पुढे ओढली.

"काल्झारवर मेलेल्याला कुणीतरी तोंडावर सांगावं लागतं. सांगेपर्यंत तो जात नाही. आणि या पाच जणांपैकी एकाचीही हिंमत होत नाहीये."

मिल्टने घड्याळ पाहिलं, सँडविच पाहिलं, मला पाहिलं. "जमलं तर ठीक. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. कधीच."

मी टाक बुडवला. कच्चं लिहायला वेळच नव्हता, सरळ शाईने. आणि देवा, काय पळाला तो टाक. तिसऱ्या पानावर व्हिटोने कप्तान इल्माराला बोर्झचा दंड धरून खडकामागे नेताना काढलं होतं, लढाईचा बेत ठरवायला असेल. मी लिहिलं, "बोर्झ, तुला एक सांगायचंय." पुढच्या चौकटीत ती खाली बघत होती. मी लिहिलं, "तुझे बूट छान आहेत." सातव्या पानावर योद्ध्यांतले जुळे भाऊ काड्या ओढून ठरवत होते की सांगायचं कुणी, आणि मागे किल्ला जळत होता. अकराव्यावर शत्रूचा राजाच बोर्झला बघून ओरडला, "पण तू तर..." आणि पाचही जणांनी मिळून त्याचं तोंड दाबलं. व्हिटोने काढली होती साधी मारामारी. आता तो माझ्या खांद्यावरून वाचून इतका हसत होता, की त्याला खिडकीपाशी नेऊन उभा केला.

चारला दहा कमी असताना शेवटची चौकट उरली. शत्रू हरलाय, आणि बोर्झने चारी हातांनी पाचही जणांना कवेत घेतलंय. तोंड त्याचं एकट्याचंच दिसतंय, हसतंय. इथे माझा टाक थांबला. आता सांगायलाच हवं होतं, आणि माझ्याच्याने सांगवेना. नऊ वर्षं मी त्याला बोलतं केलं होतं. मी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत बसले आणि मग फुगा त्याच्याच तोंडी दिला.

"मला सूर्यातच कळलं होतं. पण तुम्ही मला इतकं जपत होतात, म्हटलं, अजून थोडा वेळ."

मिल्ट उभ्यानेच वाचत गेला. सातव्या पानाला खोकला, अकराव्याला टेबल धरलं. शेवटचं पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा इतक्या सावकाश, की व्हिटोने टोपी काढली.

"आईला फोन करतो," मिल्ट म्हणाला आणि नाक शिंकरत आत गेला. दारातून परत वळला. "पहिल्या पानावर नावांची चौकट रिकामी आहे. भर ती."

"लेखक म्हणून डेलचं घालू?"

"डेल मासे मारतोय. लिहिलं कुणी?"

मी चौकट आखली. 'लेखन' हा शब्द काढला, नेहमीसारखा टपोरा. त्यापुढे लोर्ना पिन्स्कर काढायला गेले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझं अक्षर बिघडलं, नाव दारू प्यायल्यासारखं वाकडंतिकडं उमटलं. मी पांढऱ्या रंगाच्या बाटलीकडे हात नेला.

"खबरदार," मिल्ट म्हणाला. "तसंच जाऊ दे."

आणि तसंच छापलं गेलं, तीन लाख प्रतींत.