वडनेरची टेकडी

वडनेरात सांडपाण्याची नाली येणार हे ऐकून अनुसयाबाई खूश होती. पण ती नाली आपल्याच सैपाकघरातून जाणार हे कळलं, तशी ती तव्यावरची पोळी तशीच टाकून तडक ग्रामपंचायतीत गेली. मागून नवरा, बंडूजी, "साहेब म्हणते तं असनच काही," करत आला. या माणसाच्या भरवशावर राह्यली असती तर घर कधीचंच वाहून गेलं असतं!

आत वर्ध्याहून आलेले इंजिनिअर कैलाससाहेब लॅपटॉप उघडून बसलेले. गावाचा चढउतार त्यांनी फेब्रुवारीतच मोजून नेला होता.

"हे पाहा मावशी, पाण्याची वाट मी नाही काढत, सॉफ्टवेअर काढते. वरच्या टोकावर क्लिक केलं का रेघ आपोआप उतार पाहत नाल्यापर्यंत जाते."

त्यांनी क्लिक केलं. निळी रेघ शाळेमागून निघाली, रस्ता धरून शहाण्यासारखी आली आणि एकाएकी वळून अनुसयाबाईच्या चुलीवर चढली.

"काऊन वळली थे?"

"समोर टेकडी आहे ना. सहा फुटाची."

"आमच्या गल्लीत टेकडी? बाप्पा! तीस साल झाले नांदून राह्यली, मले नाई दिसली!"

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी."

"मंग चाला, दाखवा."

भर मे महिन्याच्या उन्हात वरात गल्लीत पोचली. टेकडीच्या जागी जमीन परातीसारखी सपाट होती. कैलाससाहेबांनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. अनुसयाबाईनं कपाळावर हात मारला.

"अरे बाबू, इथं आमचा उकिरडा होता! मोजणीची पट्टी धरणारा तो तुमचा प्रेमदास, त्याच्यावर चढून उभा होता. म्या म्हटलं उतर, तं म्हणे खाली चिखल आहे!"

साहेब लॅपटॉप घेऊन तिच्याच ओट्यावर बसले. उकिरड्याचा ठिपका पुसला, पुन्हा क्लिक केलं. रेघ कुठंही न वळता रस्त्यानं सरळ नाल्यात गेली. वाचलं सैपाकघर! अनुसयाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं साहेबांसाठी चहा टाकला.

साहेबांचं तोंड मात्र उतरलेलं. "मावशी, वरच्या साहेबानं नकाशात टेकडी पाहून सही केली आहे. आता टेकडी गेली कुठं, काय सांगू?"

"सांगजा, दहा बैलबंड्या भरली अन् खत म्हणून वावरात टाकली. दिवाळीले कापूस पाहाले या म्हणा."