मी रास्क, सात शिपायांचं आडनाव

मी रास्क. हाक मारली की पाय आपोआप जुळावेत, असं आखूड, खणखणीत आडनाव. मी कुणाला बापाकडून मिळत नसे. स्मोलंड या स्वीडिश प्रांतातल्या आमच्या गावाने पलटणीला एक शिपाई द्यायचा आणि त्याला झोपडी, बटाट्याचं वावर आणि मी मिळायचो. शिपाई बदलला की झोपडीसकट मी पुढच्याकडे. एका वेळी एकाच माणसाचा. त्याच्या बायकोपोरांनाही मी लागत नसे.

असे सात जण झाले, पण जीव जडला तो सहाव्यावर. पेरचा मुलगा म्हणून तो मूळचा मोन्स पेर्सन. एकतीस वर्षं मी त्याचा होतो. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "रास्क, बूट बाहेर काढ. आत्ताच जमीन पुसलीय." पेर्सन हे नाव बहुधा तो स्वतःही विसरला होता.

मग त्याचा गुडघा गेला. वार्षिक तपासणीत कॅप्टनने त्याला मोकळं केलं आणि त्याच दुपारी मला एलोफ नावाच्या तरण्या गड्याला देऊन टाकलं. मोन्स आपल्या मुलीकडे, एल्नाकडे राहायला गेला.

पुढच्या रविवारी चर्चबाहेर कुणीतरी "रास्क" म्हणून हाक दिली. दोघंही वळले. लोहार हसत म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही कशाला वळताय? तुम्ही आता पेर्सन."

मोन्सही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्यानंतर कुणी कुठल्याही नावाने हाक मारली तरी तो वळेना. लोकांना वाटलं, बहिरा झाला. मी होतो एलोफपाशी, पण लक्ष सगळं त्याच्याकडे.

चौथ्या हिवाळ्यात तो गेला. एल्ना पाद्रीसाहेबांकडे आली.

"क्रूसावर रास्क लिहा. बाबा त्याच नावाने जगले."

"अगं, त्या नावाचा माणूस जिवंत आहे. त्याचं नाव थडग्यावर कसं घालू?"

एलोफ तिथेच होता. त्याने टोपी काढली. "घाला हो. एवढ्याने मी काही मरत नाही."

"तुला विचारतंय कोण? नाव तुझंही नाही, पलटणीचं आहे."

एल्ना निघून गेली. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड लागतं ते दुसऱ्याचं.

पुढे ती पद्धत मोडली. आडनाव बापाकडून मुलांकडे जाऊ लागलं आणि एलोफच्या मुलांनी मला ठेवून घेतलं. आज शेकडो दारांवर मी आहे. सगळे मला आपलं म्हणतात, नीट सांभाळतात. तरी एकटं वाटायचं ते वाटतंच.

त्यांच्यातलं कुणी जुन्या गावी गेलं की मी दफनभूमीत मोन्सला शोधतो. भिंतीकडेला मोन्स पेर्सन नावाचे तीन लोखंडी क्रूस आहेत. तारखा गंजून गेल्यात. यातला माझा कोणता, मला कळत नाही. तुम्ही कधी तिकडे गेलात, तर तिघांनाही रास्क म्हणून एकेक हाक मारा.