बाईचा डावा हात

मित्रांनो, एका पत्राला वेळेवर उत्तर गेले नाही, याचा राग माझ्या लाकडात अजून आहे.

मी डॉक्टरची जुनी लाकडी नळी आहे. माझे एक टोक रोग्याच्या छातीवर टेकवायचे, दुसऱ्याला कान लावायचा. कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा उत्तमराव डॉक्टरांनी मला अमरावतीला आणले. व्यापाऱ्यांच्या छातीला लावून ते माझे कौतुक करीत. बायकांसाठी मात्र मी खुंटीवरच. बाईच्या छातीला नळी लावणे त्यांना अशिष्ट वाटे.

अकोल्याकडच्या एका खेड्यातून रामराव वैद्यांनी लिहिले होते, 'रुख्मिणीबाईची नाडी लागत नाही, पण ती बोलते. काय करावे?' डॉक्टरांनी पत्र फडताळात टाकले. म्हणे, हंगामात वेळ कुठला!

मग एक दिवस रुख्मिणीच आली, नवरा खुशालराव यांच्या कापसाने भरलेल्या बैलबंडीवर बसून.

"नाडी लागली नाई म्हनून मले मेली समजून दोन डाव भुईवर घेतलं, डाक्तरसाहेब. दोनी डाव मी उठून भाकरी थापल्या! आता बाया माह्या हातचं पानी पित नाई. मेली म्हनते मले."

बाईची नाडी डाव्याच हाताला पाहायची, या वैद्यांच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनीही तिचा डावा हात धरला. नाडी नव्हती. त्यांनी मान हलवली. मी खुंटीवर जळत होते.

"याच हातानं मले मेली ठरवलं!" ती कडाडली. "ते नळी काय शोभेले टांगली?"

"अवं, जरा दमानं," खुशालराव पुटपुटले.

"तुमी चूप बसा. मेली मी हाओ, तुमी नाई!"

तिने मला खुंटीवरून ओढून डॉक्टरांच्या हातात कोंबले.

त्यांनी कान लावला. हृदय ठणठणीत वाजत होते. गळ्याच्या हाडाखाली रक्त अरुंद वाटेतून सुसाटत होते. पोटात एक ठोका फार मोठा होता. डॉक्टरांनी घाईने उजवा हात धरला. नाडी उड्या मारीत होती!

"हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सुजली आहे," ते खाली मान घालून म्हणाले. "सुजेने डाव्या हाताची वाट बुजली. पोटात तिलाच फुगा आला आहे. ओझे उचलाल तर फुटेल. याला औषध नाही, बाई. जपणे आहे."

"मंग तेच लिहून द्या गावाले. नाई तं तिसऱ्यांदा भुईवर घेतील, अन् सरपनही मलेच उचलाले लावतील."

मित्रांनो, मला पुसून जपून ठेवू नका. टांगलेली नळी कोणाच्याही कामाची नाही. मला लावा आणि ऐका.

त्याच दुपारी उत्तर टपालात पडले, 'वैद्यबुवा, बाई जिवंत आहे. ओझे देऊ नका. उशिराबद्दल क्षमा. आणि यापुढे दोन्ही हात पाहा.'