शेवटचं वाक्य परत म्हणा

ग्रीकांच्या जुन्या कथांमध्ये एको नावाची एक वनदेवता आहे. भारी बडबडी. देवांची राणी हेरा नवऱ्याचे चाळे पकडायला निघाली, की ही तिला वाटेत गाठायची आणि गप्पांत असं गुंतवायची की तेवढ्यात नवरोबा पसार. राणीला हे कळलं तेव्हा ती भडकली. चाळे नवऱ्याचे, पण शाप बसला बडबडीला. यापुढे तू आपणहून काही बोलणार नाहीस, दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट तेवढं परत म्हणशील. पुढे ती एका देखण्या तरुणाच्या प्रेमात पडली, आणि तो पडला पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाच्या. बिचारी झुरून झुरून संपली, मागे आवाज तेवढा राहिला.

हे ऐकून लोक हळहळतात. मला मात्र राग येतो. हेराने निदान शापाला शाप म्हटलं. हल्ली त्याला प्रशिक्षण म्हणतात आणि शेवटी चहाबिस्किटं देऊन प्रमाणपत्र हातात ठेवतात.

आपल्या गोष्टीतल्या मुलीला घरी रेडिओ म्हणायचे. लहानपणी ती सकाळी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. वडील, म्हणजे अप्पा, जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचे. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, जे येईल ते. त्यांच्या कामाच्या टेबलाखाली बसून ही त्यांना दिवसभराची हकिकत सांगायची, आणि मधेच थांबली तर अप्पाच विचारायचे, "काय गं, स्टेशन गेलं का?"

मोठी झाल्यावर तिला कपडे धुण्याच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तक्रारींचे फोन घेण्याची. बोलकी म्हणूनच घेतली, आणि पहिल्या आठवड्यातच तिचं बोलणं काढून घेतलं. नियम साधा होता: ग्राहकाचं शेवटचं वाक्य त्याला परत ऐकवा. 'म्हणजे' ने सुरुवात, 'बरोबर?' ने शेवट. ग्राहक म्हणाला, मशीनमधून पाणी जात नाही, की आपण म्हणायचं, "म्हणजे आपल्या मशीनमधून पाणी जात नाहीये, बरोबर?" त्याने माणसाचा पारा उतरतो म्हणे. स्वतःचं मत, स्वतःचा सल्ला, काही नाही. कोणीतरी फोन चोरून ऐकायचं आणि एखादं वाक्य परत म्हणायचं राहिलं तर गुण कापायचं. तिला ठाऊक असायचं की फोनवरच्या बाईंनी मशीनची खालची जाळी धुतली तरी भागेल. पण जाळीचं नाव काढायचं नाही. मूग गिळून ती दिवसभर लोकांची री ओढायची.

आणि सवय ही अशी गोष्ट आहे, की कार्यालयाच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. भाजीवाली म्हणाली, आज टोमॅटो संपले, तर हिच्या तोंडून "म्हणजे आज टोमॅटो संपलेत, बरोबर?" भाजीवाली तिच्याकडे संशयाने बघायची.

तिचा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहायचा. मनाचा वाईट नव्हता, पण बोलताना समोर माणूस आहे हे त्याच्या गावी नसायचं. व्हिडिओवर फोन केला की स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं चित्र दिसायचं, त्याची नजर सगळा वेळ तिथेच. बोलता बोलता केस सारखे करायचा. अप्पांचे पाय दुखायला लागल्यापासून त्यांना आपल्याकडे न्यायचं, हे त्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. तिला ते मुळीच मान्य नव्हतं. अप्पांचं टेबल, तारेची रिळं, वॉर्निशचा वास, पंखा काखोटीला मारून दारात येणारे शेजारी, यातलं काहीच नवव्या मजल्यावर चढणार नव्हतं. टेबल सुटलं की अप्पा खचतील, हे तिला पक्कं माहीत होतं. तिला ते हवे होते, इथे, या घरात. हे दादाला सांगायचं तिने ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी ती कामावरून येऊन खुर्चीत टेकली, तोच फोन वाजला. दादाने आपलंच घोडं पुढे दामटलं. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, डॉक्टर समोरच आहे. ती तोंड उघडायची, तो पुढचा मुद्दा काढायचा. शेवटी तो म्हणाला, "तर मग अप्पांना रविवारी घेऊन जायचं."

"म्हणजे अप्पांना रविवारी घेऊन जायचं, बरोबर?" ती म्हणाली.

"बरोबर. मला माहीत होतं, तू समजूतदार आहेस," असं म्हणून दादाने फोन ठेवलाही.

तिने लगेच उलट फोन लावला. लागला नाही. तो बायकोला, आत्याला, मामाला आनंदाची बातमी देत सुटला होता. ती वळली तर अप्पा टेबलापाशी पाठमोरे. हातातली तार थांबली होती.

"रविवारी का?" अप्पा म्हणाले. "बरं."

"अप्पा, तसं नाही. ते असंच तोंडातून गेलं. कामावर दिवसभर तेच म्हणायला लागतं ना..."

"असू दे गं. तुझीही ओढाताण होते, मला कळतं. माणूस दमला की मनातलं बाहेर येतं."

"मनातलं नव्हतंच ते."

"मनात नसलेलं कोण कशाला बोलेल?"

पगारावर माणसं मनात नसलेलं बोलतात, हे मोटारीची तार भरण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला पटेना. जितकं ती समजावत गेली, तितके ते समजूतदार होत गेले. अशा समजूतदारपणाचा राग येतो, आणि धड भांडताही येत नाही. दादाला दोनदा गाठलं तर म्हणाला, "आता पाय मागे घेऊ नकोस, खोलीला रंगही दिलाय." पालथ्या घड्यावर पाणी.

आठवडाभर अप्पा आवरत राहिले. शेजारणीचा पंखा तेवढा अर्धा राहिला होता. त्यांनी ती अर्धी भरलेली मोटार फडक्यात गुंडाळली, शेजारणीच्या दारात नेऊन दिली आणि माफी मागून आले. काम अर्धं परत करताना तिने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली.

रविवारी दादा आला. चहा घेतला, आरशात बघून केस सारखे केले आणि बॅग उचलली.

"चला अप्पा, निघू या."

अप्पा उठले. दारापाशी थांबून त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "येतो गं."

तिच्या जिभेवर शेपूट तयार होतं. म्हणजे तुम्ही येता, बरोबर? ते तिने दात आवळून गिळलं. कोणाच्या वाक्याचा आधार न घेता बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करतात, तेच ती विसरली होती.

"मला अप्पा इथे हवेत," ती म्हणाली.

दादा हसला. "अगं, तूच तर म्हणालीस, रविवारी घेऊन जायचं."

"मी तुझंच वाक्य तुला परत दिलं, दादा. आणि तुला ते इतकं आवडलं की कोणाचं आहे हेसुद्धा तू विचारलं नाहीस. मला एकदा तरी विचारलंस? अप्पांना विचारलंस? मी नाही पाठवणार त्यांना. पाय दुखले तर मी बघेन, डॉक्टरकडे मी नेईन, आणि मी दमले तर दमले म्हणून सांगेन, माझ्या तोंडाने. टेबल इथे आहे, त्यांची माणसं इथे आहेत, त्या बिचारीचा पंखा अर्धा पडलाय..."

ती बोलतच राहिली. आवाज चिरकला, एकच मुद्दा तीनदा आला, तरी थांबली नाही. दादाने बॅग खाली ठेवून तोंड उघडलं, तसा अप्पांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मधे बोलू नकोस," ते म्हणाले. "फार दिवसांनी स्टेशन लागलंय."