बंदूक तिचीच

चिंतूला सगळे शहाणा म्हणत, आणि तिथेच घात झाला. चौथी पास, पालघरला लाकडाच्या वखारीत कामाला, अख्ख्या पाड्यात सही करणारा एकटा. म्हणून बहिणीच्या खटल्याची धावपळ त्याच्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर त्याला ती आवडतही होती.

बहीण म्हणजे जिवली. मासवणच्या अलीकडच्या पाड्यावर राहायची. तिचा नवरा सुका दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेला. त्याच्याकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, सरकारी परवान्यासकट. सुका गेला, बंदूक राहिली, परवान्याचा कागदही पत्र्याच्या डब्यात राहिला. जिवलीला वाटलं, बंदूक आहे, कागद आहे, मग झालं की! अहो, तो कागद बंदुकीचा नव्हता, सुकाचा होता, आणि सुका गेला त्या दिवशी कागदही मेला. हे तिला कोणी सांगितलं? कोणी नाही. रानडुकरांनी तर नाहीच नाही. डुकरं भात-नागलीत घुसायची, आणि जिवली राखणीच्या माळ्यावरून बार काढायची. स्वतःच्या शेतावर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही.

दिवाळीआधी जंगलखात्याचा गार्ड घरात पाणी प्यायला टेकला. मान वर करून बघतो तर आढ्याला बंदूक. चार दिवसांत पोलीस आले, बंदूक गेली, खटला उभा राहिला. जामिनावर सुटली एवढंच नशीब. "नवा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत आत घालता येतं," असं वकीलसाहेबांनी सांगितलं तेव्हा चिंतूच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं! जिवलीची ठमी अजून अंगावर पीत होती.

"घाबरू नकोस," वकीलसाहेब म्हणाले. "बंदूक घरात सापडली, तिच्या हातात नाही. घरात सासू आहे, दीर आहे. ताबा नेमका कोणाचा, ते पोलिसांना दाखवता येत नाही. नवऱ्याची जुनी वस्तू आढ्याला राहून गेली, असं आपण म्हणू. तू फक्त बाई कशी वागते ते सांगणारा एक भला माणूस आण. एकच हं."

एकच? चिंतूला ते कंजूषपणाचं वाटलं. बहिणीला काय कोणी नाही? त्याने तिचा सगळा पाडाच आणला. बोलायला निवडला विश्रामआजा, ज्याने सत्तर वर्षांत कोंबडी चोरल्याचासुद्धा खोटा आळ कोणावर घेतला नव्हता. वाटेत चिंतूने सगळ्यांना बजावलं, "कोर्टात खोटं बोलायचं नाय. बाय कशी हाय ती सांगा, मनापासून सांगा." ताबाबिबा म्हाताऱ्याला कशाला सांगा, उगाच गोंधळेल. वा रे शहाणा!

पालघरच्या कोर्टात विश्रामआजा पिंजऱ्यात उभा राहिला, हात जोडून. वकीलसाहेबांनी विचारलं, "ही जिवलीबाई कशी आहे?"

"सोन्यासारी हाय सायेब."

"बस, एवढंच..."

पण आजा तीन कोस चालत आला होता. तो एवढ्यावर कसा थांबणार? "सुका मेला तं आमी बोललो, आता डुकरं आमाला खानार. पन हिनं एक कनीस खाऊ दिलं नाय! माझ्या शेतावं येऊन बार काढला, फुकट. नेम असा की सुकाला पन तसा जमला नाय."

"पुरे, पुरे!" वकीलसाहेब कपाळावर हात मारायचेच बाकी होते.

सरकारी वकील सावकाश उठले. आवाज मात्र मधासारखा. "म्हणजे आजोबा, बंदूक हिचीच ना?"

"तं मंग कोनाची?" आजाला त्या प्रश्नाचाच राग आला.

आणि मागून, दाराशी दाटीवाटीने बसलेला पाडा एका तोंडाने बोलला, "तिचीच! तिचीच हाय सायेब!"

देवा रे, हे काय झालं? चिंतूने जिवलीकडे पाहिलं. ती हसत होती. इतक्या मोठ्या सायबांसमोर आपलं कौतुक चाललंय, म्हणून तिने पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. चिंतूला ते बघवेना.

जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी निकाल वाचला. बाईचा हेतू वाईट नव्हता हे त्यांनी मानलं, पण परवान्याशिवाय बंदूक बाळगली, चालवली, हे तिच्याच माणसांनी सांगितलंय. "सहा महिने सक्तमजुरी. बंदूक सरकारजमा."

"चिंतू, मंग आता घरी जायाचं ना?" जिवलीने विचारलं. तेवढ्यात शिपायाने तिचा दंड धरला. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग भावाकडे. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं आणि डोळे मात्र फाटले. चिंतू नजर चुकवून दाराकडे वळला. भला चौथी पास!

तो बाहेर आला तर चिंचेखाली पाडा खुशीत. विश्रामआजा पुढे झाला. "सायेब मजुरी बोलला ना रे? मी आयकलं. सा म्हयने! तारापूरला आटमच्या वीजघराच्या कामावं काय?"

"सा म्हयने लागून काम," कोणीतरी म्हणालं, "बायचं नशीब उघडलं."

"रोजाचं पैसं काय देनार?" आजाने विचारलं.

चिंतूला वाटलं, हो म्हणावं आणि पळून जावं. पण संध्याकाळी घरी तिची वाट कोण बघणार होतं? हेच सगळे, आणि सासूपाशी ठेवलेली ठमी. त्याने म्हाताऱ्याचा खांदा धरला. "आजा, रोज नाय देत. ती मजुरी तुरुंगातली हाय. जिवलीला ठान्याला न्हेतात."

आजा चिंचेच्या मुळावर बसला. त्याने चिंतूच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग मी काय खोटं बोललो रे?"

"नाय आजा," चिंतू म्हणाला. "तू सगळं खरं बोललास."