मखमलीचा नियम

चौतीस वर्षं मी कटिंग मास्तर आहे. शिलाईच्या कारखान्यात मास्तर म्हणजे काय, ते आधी ऐका. चौदा बायका मशिनीवर बसतात, पण कापड कापतो एकटा मास्तर. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वर कागदी साचे मांडायचे, खडूने आखायचं आणि विजेची कात्री फिरवायची. एक चूक झाली की चाळीस कोट वाया. त्यामुळे माझ्या टेबलाला कुणी बोट लावलेलं मला खपत नाही. बायकोनेसुद्धा नाही. ती तिथेच तिसऱ्या मशिनीवर बसून कॉलरी लावते.

तर माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. नेमकी तेव्हाच दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांची मोठी ऑर्डर आलेली. मालक खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, माल बाहेरच्या कारखान्यालाच देतो. ते लोक कापतात, शिवतातही. आपलं इथलं मग बघू."

बघू म्हणजे काम बंद, ते चौदाही जणींना कळलं.  त्यातल्या सहा जणींचं घर एकटीच्या कमाईवर चालतं.

बायको उठली. मालकांना म्हणाली, "मी कापते."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडलो. "टेबलाच्या मध्यापर्यंत हात तरी पोचतो का तुझा?"

"टेबल तुमच्या उंचीचं आहे. पायाखाली फळी घेते."

मालकांनी एक दिवस दिला. जमलं नाही तर संध्याकाळी कापडाचे ताके बाहेर जाणार.

सकाळी ती फळीवर उभी राहिली आणि मी शेजारी स्टूल टाकून बसलो. खरं सांगतो, ती चुकायची वाटच बघत होतो. लाज वाटते, पण तसंच होतं. थर तिने नीट पसरले, एक सुरकुती नाही. मग साचे मांडायला लागली आणि माझं डोकंच फिरलं. एक बाही सरळ, तर दुसरी उलटी! पाठीच्या तुकड्याशेजारी पुढचा तुकडा, तोही खालचं टोक वर करून.

"थांब! सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायचे असतात. एवढंही कळत नाही?"

"का?"

"का म्हणजे? माझ्या उस्तादांनी तसंच शिकवलं."

"ते काय कापायचे?"

"मखमल."

मखमलीला एका दिशेला झुकलेली लव असते. तुकडा उलटा लागला की एकाच कोटाचे दोन रंग दिसतात. हे मीच तिला मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. तिने शांतपणे पांढऱ्या सुती कापडावरून हात फिरवला, आधी वर, मग खाली. "याला कुठे आहे लव?"

 चौतीस वर्षं साधं सुती कापड मी मखमलीसारखं कापत होतो.

बाहीचा निमुळता भाग दुसरीच्या रुंद भागाशेजारी चपखल बसला. तिने कात्री चालवली. रेघ सुटली नाही. दुपारपर्यंत चाळीस थर कापून झाले आणि वर आठ कोटांचं कापड शिल्लक राहिलं. एवढं कापड मी दर खेपेला कचऱ्यात घालायचो.

मालक आले, कापड मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "वा मास्तर! बसल्या जागेवरून काय मांडणी सांगितलीत!"

हो म्हणणं फार सोपं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती खडूची पूड झटकत होती. तिला ठाऊक होतं, मी हो म्हणेन. त्यावरून मला राग आला, स्वतःचाच.

"मांडणी तिची आहे," मी म्हणालो. "मी तर आडवा आलो होतो."

"बरं, मग वहिनींना कापू द्या की. त्यांचा पगार आहे तोच ठेवू."

"का बरं? टेबलाशी उभा राहील तो मास्तर. पगारही मास्तरचाच." आवाज जरा चढलाच माझा. मालकांनी उरलेल्या कापडाकडे बघितलं आणि मान डोलावली. ताके बाहेर गेले नाहीत.

घरी जाताना मी तिला विचारलं, "हे सुचलं कधी तुला?"

"इथे आले त्या पहिल्याच वर्षी. अकरा वर्षं झाली. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, कॉलरी लाव."

मला आठवेना. ती खोटं बोलत नाही.

"तेव्हापासून मास्तरचा पगार दोघांना असता," ती म्हणाली, "तर आपल्या पोरीचं कॉलेज सुटलं नसतं."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.  कापडात दोष नव्हता, मांडणीत नव्हता. बाई सांगत होती, म्हणून मी ऐकलं नव्हतं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल टेबलापासून उचललं आणि मशिनींच्या मधोमध ठेवलं. म्हटलं, "बायांनो, आणखी कुणाला काय काय दिसलंय इथे? सांगा. ऐकतो मी."

बायको टेबलाशी होती, बाकीच्या तेरा मशिनी थांबल्या. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या.