चष्मा सावरण्यापुरती जागा

आमच्या घरातले दोन दोष जगजाहीर आहेत: माझी जीभ आणि नवऱ्याचा चष्मा. नवरा घड्याळजी. गिऱ्हाइकाचा एक सेकंद इकडचा तिकडे होऊ देणार नाही. पण मी गायला लागले आणि हे गिटारवर साथ करायला बसले, की प्रत्येक कडव्याआधी थांबणार, चष्मा नाकावर ढकलणार आणि मगच पुढे जाणार.

"लोकांची घड्याळं लावता आणि स्वतःचीच वेळ चुकते!" मी म्हणायचे.

"घसरतो गं," एवढंच उत्तर.

मी कपडे शिवते. मशीनवर बसल्याबसल्या गाणी सुचतात, चालीही तिथेच लागतात. यंदा वाचनालयाने गाण्याच्या कार्यक्रमात मला अख्खा अर्धा तास दिला होता, फक्त माझ्या गाण्यांसाठी. आयुष्यात पहिल्यांदा. आणि नेमकं तेव्हाच आमचे हे दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ काढायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. घड्याळ शाबूत, उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

"कार्यक्रम रद्द करायचा नाही," ह्यांनी पडल्यापडल्याच बजावलं.

मग लेकीने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर आणलं. लेक चष्म्याच्या दुकानात काम करते, पण घरातली सगळी यंत्रं तिच्याच ताब्यात. आपण गाणं गाऊन दाखवायचं, लय सांगायची, की ते गिटार, ड्रम, बास सगळी साथ आपोआप तयार करतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हरखूनच गेले. आमच्या एवढ्याशा खोलीत पाच वादक येऊन बसलेत असं वाटलं, आणि चहा कुणालाच द्यायचा नव्हता!

दुसऱ्या कडव्याला माझी फजिती झाली. मी अजून श्वास घेतेय, तोवर पाचही वादक पुढच्या ओळीत. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मागे पडले. लय कमी केली तर गाणं जांभया द्यायला लागलं. आठवडाभर हेच चाललं. सॉफ्टवेअर काटेकोर होतं, म्हणजे चूक माझीच. माझा दम संपलाय, गळा गेलाय, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि माझं नाव काढा म्हणून ग्रंथपालबाईंना चिठ्ठी लिहिली. लिहिताना फार वाईट वाटलं. अर्धा तास मिळाला होता, तोही मला पेलवला नाही.

"दोन दिवस थांब," लेकीने चिठ्ठी काढून घेतली. "बाबांचं जुनं वाजवणं ह्याला ऐकवते. त्यांच्यासारखी साथ शिकेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आम्हा दोघांना लॅपटॉपसमोर बसवलं. आमच्या जुन्या रेकॉर्डिंगवर लाल खुणाच खुणा होत्या. जिथे लय तुटते तिथे सॉफ्टवेअर खूण करतं, ती म्हणाली.

"बघा, मी म्हणत नव्हते? सगळा चष्मा!" मी लगेच ह्यांच्याकडे वळले.

"आई, ऐक तरी. नऊ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही खूण नाही. तुला न्यूमोनिया झाला, त्यानंतर सुरू होतात. आणि ओळ जेवढी लांब, तेवढं बाबांचं थांबणं लांब." मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुमचा चष्मा मी स्वतः बसवलाय. डोक्यावर उभे राहिलात तरी पडायचा नाही."

हे प्लास्टरवरचा नसलेला धागा काढत बसले.

"बोला की आता," मी म्हटलं.

"दवाखान्यातून आलीस, तेव्हा कडव्याच्या शेवटी तुला धाप लागायची," ते म्हणाले. "तुला दम पुरत नाही असं सांगितलं असतं, तर तू गाणंच सोडलं असतंस. त्यापेक्षा चष्मा बरा. चार बोलणी खावी लागली, पण ती मी एरवीही खातोच."

मला रडू आलं आणि रागही आला. नऊ वर्षं ह्या माणसाने मला बनवलं! मी उठून चहा टाकला. लेकीने चिठ्ठी फाडली.

तिने आधी सॉफ्टवेअरमध्ये मोजून थांबे घातले. पण माझा श्वास काही मोजून येत नाही. आज कमी लागतो, उद्या जास्त. शेवटी तिने लॅपटॉपला जोडायचं एक पेडल आणलं. पायाने दाबून धरलं की साथ थांबते, सोडलं की पुढे. ते कोण दाबणार, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. माझ्या बाजूला खुर्चीवर हे, हात गळ्यात अडकवलेला, पाय पेडलवर. पहिलं कडवं संपलं, दम संपत आला आणि पाचही वादक माझ्यासाठी थांबले. मी सवयीने ह्यांच्याकडे पाहिलं. पायाने काम झालं होतं, तरी ह्यांचा डावा हात वर गेला आणि चष्मा नाकावर ढकलून आला.

चष्मा जागच्या जागीच होता. मी पोटभर श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.